देशाआधीची भाषा

मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात दान्तेच्या 'दिव्हिना कोम्मेदिया'ची एक जुनी हस्तलिखित प्रत आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने ती सोसायटीला भेट दिली. पुढे १९३०च्या सुमारास मुसोलिनीने ही प्रत मिळवण्यासाठी मोठी रक्कम देऊ केली आणि सोसायटीने ठाम नकार दिला, अशी गोष्ट मुंबईतल्या पुस्तकवेड्यांत वर्षानुवर्षं सांगितली जाते. ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला सोसायटीच्या बाणेदारपणाचं कौतुक वाटलं होतं. नंतर इटालियन कविता शब्दकोश हाताशी घेऊन, अडखळत वाचायला लागल्यावर दुसराच प्रश्न पडला. सहाशे वर्षांपूर्वीच्या एका कवीची वही एखाद्या हुकूमशहाला हवी आहे, अशी गोष्ट लोकांना चटकन खरी का वाटावी?

त्याचं उत्तर इटलीच्या इतिहासात आहे. इटली हे राज्य १८६१ साली झालं आणि रोम त्याला १८७० साली मिळालं. त्याआधी तिथे संस्थानं होती, पोपचं राज्य होतं, स्पॅनिश आणि ऑस्ट्रियन सत्ता होत्या. पण ज्या भाषेला आज आपण इटालियन म्हणतो ती त्याआधी साडेपाचशे वर्षं कवितेत नांदत होती. फ्रान्समध्ये आणि इंग्लंडमध्ये राजधानी होती, दरबार होता, आणि भाषा त्यांच्या आधाराने पसरली. इटलीत यातलं काही नव्हतं; होती ती पुस्तकं. त्यामुळे दान्तेचं पुस्तक म्हणजे त्या देशाचा एक प्रकारचा सातबाराच.

इटालियन कवितेचा इतिहास साधारणपणे नावांच्या माळेसारखा सांगितला जातो : दान्ते, पेत्रार्का, आरिओस्तो, तास्सो, लेओपार्दी, मोन्ताले. मला ही माळ एका प्रश्नाच्या दोऱ्यात ओवलेली दिसते. कवीने कुठल्या भाषेत लिहायचं? आपल्याला हा प्रश्न परिसंवादातला वाटतो. तिथे त्याची किंमत कधी आयुष्याने, कधी कवितेने चुकवावी लागली.

सुरुवात टस्कनीत नाही, सिसिलीत झाली. सम्राट फ्रेडरिक दुसरा याच्या दरबारात तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात काही अधिकारी मंडळी फावल्या वेळात स्थानिक भाषेत प्रेमकविता लिहीत. त्यांतल्या ज्याकोमो दा लेन्तिनी या नोटरीकडे सॉनेटचं जनकत्व दिलं जातं. दस्तऐवज लिहिणाऱ्या माणसाने चौदा ओळींचा हा नेटका घाट शोधावा, यात मला नवल वाटत नाही. तोच घाट पुढे इंग्रजीत गेला आणि इंग्रजीतून केशवसुतांकडे येऊन मराठीत 'सुनीत' झाला. पण फ्रेडरिक १२५० साली वारला आणि काही वर्षांत त्याचं घराणंही लयाला गेलं. सिसिलीच्या कविता उरल्या त्या मुख्यतः टस्कनीतल्या नकलनविसांच्या वह्यांत. त्यांनी उतरवून घेताना त्या आपल्या बोलीच्या वळणावर नेल्या. त्यामुळे मूळ भाषेत चोख जुळणारी यमकं नव्या रूपात अर्धवट जुळू लागली. नंतरच्या कवींना वाटलं, यमक असं सैल ठेवण्याचीच रीत असावी, आणि तिला 'सिसिलीचं यमक' असं नावही मिळालं. एका भाषेचा इतिहास नकलनविसाच्या हातून पुसला गेला आणि पुसल्याच्या खुणेचाच नियम झाला.

दान्ते फ्लॉरेन्समध्ये १२६५ साली जन्मला. त्याची बेआत्रिचे सगळ्यांना ठाऊक असते. मला त्याहून जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट त्याच्या मित्राची आहे. ग्वीदो काव्हाल्कांती हा वयाने मोठा, बुद्धिमान, तिरसट कवी. दान्तेने त्याला आपला पहिला मित्र मानलं आणि 'व्हिता नोव्हा' हे तरुणपणातलं पुस्तक त्यालाच उद्देशून लिहिलं. १३००च्या उन्हाळ्यात दान्ते दोन महिन्यांसाठी शहराच्या कारभारी मंडळात होता. शहरातली दंगल शमवण्यासाठी मंडळाने दोन्ही गटांच्या म्होरक्यांना हद्दपार केलं. त्यांत काव्हाल्कांती होता. तो आजारी पडला, त्याला परत येऊ दिलं गेलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टअखेर तो वारला. म्हणजे मित्राला हद्दपार करणाऱ्या निर्णयात कवीचाही वाटा होता.

दोन वर्षांनी पाळी दान्तेवर आली. जानेवारी १३०२मध्ये विरोधी गटाने त्याच्यावर भ्रष्टाचाराचा आरोप ठेवून त्याला हद्दपार केलं. मार्चमध्ये शिक्षा वाढली : शहराच्या ताब्यात सापडला तर जिवंत जाळायचं. तो परत कधीही फ्लॉरेन्सला गेला नाही.

या वणवणीतच त्याने भाषेचा प्रश्न थेट हाती घेतला. लोकभाषेच्या सामर्थ्याबद्दलचा त्याचा ग्रंथ लॅटिनमध्ये आहे, कारण पटवायचं होतं ते विद्वानांना. त्यात तो इटलीतल्या चौदा बोली एकेक करून तपासतो आणि सगळ्या नापास करतो. रोमची बोली त्याला सर्वांत कुरूप वाटते. स्वतःच्या टस्कनीलाही तो सोडत नाही. मग हवी ती भाषा आहे कुठे? तो तिला पँथरची उपमा देतो : तिचा गंध प्रत्येक शहरात येतो, पण ती स्वतः कुठेच सापडत नाही. हा ग्रंथ त्याने अर्ध्यावर सोडला. मला वाटतं, अशी भाषा शोधून मिळत नाही, लिहून करावी लागते, हे त्याला कळलं असावं. 'कोम्मेदिया' हे त्या अर्धवट ग्रंथाचं खरं उत्तर आहे. शंभर सर्ग, १४,२३३ ओळी, तीन-तीन ओळींची साखळी. आणि त्यात फ्लॉरेन्सच्या बाजारातली शिवीगाळ, धर्मशास्त्र, खगोलशास्त्र, दाईच्या तोंडचे शब्द, लॅटिन, एका ठिकाणी तर प्रोव्हान्सालही.

या महाकाव्याच्या दहाव्या सर्गात दान्तेला नरकात काव्हाल्कांतीचा बाप भेटतो. माझा मुलगा तुझ्याबरोबर का नाही, असं तो विचारतो. उत्तर देताना दान्ते मुलाबद्दल भूतकाळी क्रियापद वापरतो. बाप दचकतो. म्हणजे तो आता नाही? दान्ते क्षणभर गप्प राहतो, आणि तेवढ्या गप्प राहण्याने म्हातारा कोसळतो. काव्यातला काळ १३००चा वसंत आहे, तेव्हा काव्हाल्कांती अजून जिवंत होता. लिहिणाऱ्या दान्तेला मात्र पुढचं सगळं ठाऊक आहे. एका क्रियापदाच्या काळात इतका अपराधभाव साठवणारा दुसरा प्रसंग मी वाचलेला नाही. अशा प्रसंगासाठी त्याला रोजच्या बोलण्यातली भाषा हवी होती. बाप जसा ऐकेल तशी.

बोलोन्याच्या एका विद्वानाने त्याला सुचवलं होतं की बाजारू भाषेत वेळ घालवण्यापेक्षा लॅटिनमध्ये लिही, कीर्ती मिळेल. दान्तेने नकार कळवला, तोही सफाईदार लॅटिन पद्यात. १३१५ साली फ्लॉरेन्सने सर्वांसमक्ष प्रायश्चित्त घेण्याच्या अटीवर माफी देऊ केली, तीही त्याने नाकारली. १३२१ साली तो राव्हेन्नात वारला. फ्लॉरेन्सला नंतर त्याची हाडं हवीशी झाली. १५१९मध्ये पोपने परवानगीही दिली, पण राव्हेन्नाच्या फ्रान्सिस्कन साधूंनी ती लपवून टाकली. ती सापडली १८६५ साली. फ्लॉरेन्सच्या सान्ता क्रोचे चर्चमधलं त्याचं भव्य स्मारक आजही रिकामं आहे.

पेत्रार्काचे वडीलही त्याच १३०२च्या भांडणात फ्लॉरेन्समधून हाकलले गेले होते. मुलगा अरेत्सोत जन्मला आणि आव्हिन्योंच्या परिसरात वाढला. फ्लॉरेन्स त्याचं घर कधी झालंच नाही. त्याने घर केलं ते लॅटिनमध्ये. १३४१ साली रोमच्या टेकडीवर त्याला कवी म्हणून लॉरेलचा मुकुट घातला गेला. त्यामागे त्याचं लॅटिन लेखन होतं, विशेषतः 'आफ्रिका' हे महाकाव्य, आणि ते शेवटपर्यंत पुरं झालं नाही. लोकभाषेतल्या आपल्या कवितांना तो किरकोळ गोष्टी म्हणायचा. बोक्काच्चोने प्रेमाने त्याला 'कोम्मेदिया'ची प्रत पाठवली. उत्तरादाखल १३५९च्या पत्रात त्याने मी दान्तेचा हेवा करत नाही हे इतक्या विस्ताराने पटवून दिलं आहे की वाचणाऱ्याला शंका यावी.

पण ज्यांना तो किरकोळ म्हणत होता त्या कवितांवर तो जवळजवळ चाळीस वर्षं काम करत राहिला. त्याचे कच्चे खर्डे व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहेत. खोडाखोड, पर्यायी शब्द, आणि समासात तारीख-वारासकट शेरे. कविता इटालियनमध्ये आणि शेरे लॅटिनमध्ये! लाउरा त्याला ६ एप्रिल १३२७ला दिसली आणि १३४८च्या प्लेगमध्ये त्याच तारखेला गेली, ही नोंदही त्याने आपल्या व्हर्जिलच्या प्रतीत लॅटिनमध्येच केली. लॅटिनमध्ये विचार करणारा हा माणूस दुसऱ्याच भाषेत व्याकूळ होत होता. शेवटी ३६६ कवितांचा क्रम तो मरेपर्यंत लावत बसला होता. 'आफ्रिका' आज अभ्यासकांपलीकडे कोण वाचतं? किरकोळ गोष्टी उरल्या.

त्या इतक्या उरल्या की पुढच्यांना जाच झाला. १५२५ साली पिएत्रो बेम्बो या व्हेनिसच्या पंडिताने भाषेवरचा ग्रंथ छापला आणि निकाल दिला : पद्यासाठी पेत्रार्का, गद्यासाठी बोक्काच्चो. दान्ते त्याला फार ओबडधोबड वाटला. म्हणजे सोळाव्या शतकातल्या माणसाने चौदाव्या शतकातली, आणि बहुतेकांच्या बाबतीत दुसऱ्याच गावची, भाषा शिकून लिहायचं. हे ऐकायला जुलमी वाटतं. पण देश नसताना व्हेनिसच्या वाचकाला नेपल्सच्या कवीची कविता कळायची तर आणखी काय उपाय होता, असं विचारलं की माझ्याकडे उत्तर नसतं. आरिओस्तो फेर्राराचा. त्याचं 'ओर्लान्दो फुरिओसो' १५१६ साली आलं तेव्हा त्यात त्याच्या मुलखाची बोली डोकावत होती. त्याने ते बेम्बोच्या नियमांप्रमाणे घासूनपुसून १५३२ साली पुन्हा काढलं आणि चाळिसाचे सेहेचाळीस सर्ग केले. त्याचा आनंदी, खोडकर स्वभाव या धुलाईतून शाबूत राहिला हे वाचकांचं नशीब.

तास्सोचं तसं झालं नाही. आपण नियमात बसतो का, धर्माच्या चौकटीत बसतो का, या धास्तीने तो पोखरला गेला. १५७९ ते १५८६ अशी सात वर्षं फेर्राराच्या ड्यूकने त्याला वेडा ठरवून रुग्णालयात कोंडून ठेवलं. तो आत असतानाच १५८१ साली त्याचं 'जेरुसलेम्मे लिबेराता' बाहेर छापलं गेलं. त्याला भरघोस वाचक मिळाले, पण क्रुस्का अकादमीच्या भाषापंडितांनी टीकेची झोड उठवली. सुटल्यावर तास्सोने काय करावं? आपलं महाकाव्य पंडितांना चालेल असं पुन्हा लिहून काढलं. ती नवी आवृत्ती आज कोणी हातात घेत नाही.

पण त्याच उसन्या भाषेने काहींना तोंड दिलं, हेही सांगितलं पाहिजे. गास्पारा स्ताम्पा व्हेनिसमध्ये राहणारी. एका सरदारावर तिचं प्रेम होतं आणि त्याने तिला सोडलं. पेत्रार्काच्या शब्दकळेत लाउरा नेहमी गप्प असते. तेच शब्द उचलून स्ताम्पाने बोलणारी बाई उभी केली. ती १५५४ साली वारली आणि त्याच वर्षी बहिणीने तिच्या कविता छापल्या. नियमांनी बांधलेली भाषा कोणालाही शिकता येते, बाईलाही. तिच्यात शिरायला दरबाराची परवानगी लागत नाही.

या पुस्तकी भाषेचं सर्वांत एकाकी आणि सर्वांत सुंदर फळ म्हणजे जाकोमो लेओपार्दी. १७९८ साली रेकानाती या पोपच्या राज्यातल्या आडगावी जन्मला. वडिलांच्या प्रचंड ग्रंथालयात वाचून वाचून त्याने पाठ आणि डोळे कायमचे बिघडवून घेतले. एकविसाव्या वर्षी घरातून पळून जायचा बेत केला, तो वडिलांना कळला. त्याच १८१९ साली त्याने 'लिन्फिनितो' ही पंधरा ओळींची कविता लिहिली. एक टेकडी, समोर क्षितिज झाकणारं कुंपण, आणि दिसत नाही म्हणूनच मनात पसरत जाणारं अमर्याद. त्याच्या टिपणवहीची ४,५२६ पानं आहेत. त्यात तो शब्द आणि संज्ञा यांत फरक करतो. संज्ञा वस्तूला नेमकी सीमा घालते. शब्द सीमा पुसट ठेवतो, म्हणून त्यात कविता राहते. 'दूर', 'प्राचीन' असे शब्द त्याला नुसतेच काव्यमय वाटतात. मला वाटतं हे ज्याला सुचलं त्याची काव्यभाषा रोजच्या चलनात झिजलेली नव्हती. तिच्यात मीठमिरचीचा हिशेब होत नव्हता, म्हणून तिच्यातलं 'दूर' खरोखर दूर होतं. १८३७ साली नेपल्समध्ये कॉलऱ्याची साथ चालू असताना तो वारला. शेवटच्या काळातल्या त्याच्या दीर्घ कवितेत व्हेसुव्हियसच्या राखेत फुलणारं एक झुडूप आहे. ज्वालामुखी त्याला जाळणार हे ठाऊक असूनही ते कुणापुढे नमत नाही आणि गर्वही करत नाही.

लेओपार्दी गेल्यावर चोवीस वर्षांनी देश झाला. त्या वेळी सुमारे तीन-चतुर्थांश लोक निरक्षर होते. इटालियन बोलू शकणारे किती, याबद्दल भाषातज्ज्ञांत वाद आहे : एक अंदाज अडीच टक्क्यांचा, दुसरा जास्तीत जास्त दहा टक्क्यांच्या आसपासचा. दुसरा धरला तरी दहातल्या नऊ इटालियनांना त्यांची राष्ट्रभाषा परकी होती.

त्या नवांची भाषा लिहून ठेवणारेही होते. जुझेप्पे बेल्लीने मुख्यतः १८३०च्या दशकात रोमच्या बोलीत २,२७९ सॉनेटं लिहिली. दान्तेने सर्वांत कुरूप ठरवलेली तीच बोली. त्यांत गाडीवान, वेश्या, दाया, चर्चचे नोकर आपापल्या तोंडाने बोलतात आणि पोपपासून देवापर्यंत कुणाची भीड ठेवत नाहीत. बेल्ली स्वतः मात्र भित्रा सरकारी माणूस. म्हातारपणी तो पोपच्या सरकारचा सेन्सॉर झाला आणि आपली सॉनेटं जाळून टाका असं सांगून गेला. एका धर्मगुरू मित्राने ती जाळली नाहीत. पोपच्या चर्चची टिंगल चर्चच्याच माणसाने वाचवली.

विसावं शतक आलं आणि भाषा मुसोलिनीच्या हाती गेली. बोलींना शाळांतून आणि वर्तमानपत्रांतून हुसकावण्याचं धोरण आलं. इथे कवींची सरळ विभागणी करायचा मोह होतो, तो मी टाळतो. जुझेप्पे उंगारेत्ती अलेक्झांड्रियात वाढलेला. पहिल्या महायुद्धाच्या खंदकात त्याने दोन-चार ओळींच्या कविता लिहिल्या आणि फुगलेल्या अलंकारिक भाषेचं कंबरडं मोडलं. १९१६ साली उदिनेत त्यांचं पुस्तक निघालं, फक्त ८० प्रतींचं. त्याच पुस्तकाच्या १९२३च्या आवृत्तीला प्रस्तावना मुसोलिनीची आहे. एउजेनिओ मोन्तालेचं पहिलं पुस्तक १९२५ साली पिएरो गोबेत्ती या तरुण फॅसिस्टविरोधी प्रकाशकाने काढलं. पुढच्याच वर्षी गोबेत्ती पॅरिसमध्ये परागंदा अवस्थेत वारला. मोन्तालेने पक्षाचं सदस्यत्व घेतलं नाही म्हणून १९३८ साली त्याची फ्लॉरेन्समधली ग्रंथालयाची नोकरी गेली. आई ज्यू असलेला उम्बेर्तो साबा जर्मन ताब्यातल्या फ्लॉरेन्समध्ये घरं बदलत लपून राहिला, तेव्हा मोन्ताले त्याला भेटायला जात असे. १९७५ साली मोन्तालेला नोबेल मिळालं. मला ते नोबेल या भेटींशिवाय आठवत नाही.

१९४२ साली वीस वर्षांच्या पासोलिनीने आईच्या मुलखातल्या फ्रिउलियन बोलीतल्या कवितांचं पुस्तक स्वखर्चाने छापलं. त्याचं महत्त्व ओळखणारं परीक्षण इटलीत नव्हे, स्वित्झर्लंडमधल्या वर्तमानपत्रात आलं. याच पासोलिनीने १९६४ साली जाहीर केलं की आता खरोखर राष्ट्रीय इटालियन भाषा जन्मली आहे. पण ती कवींनी नाही, उत्तरेतल्या कारखान्यांनी आणि तंत्रज्ञांनी जन्माला घातली आहे. दान्तेचा पँथर अखेर सापडला, आणि सापडला तो कारखान्याच्या आवारात!

मग त्या जुन्या, पुस्तकी, फारशा कुणी न बोललेल्या भाषेचं काय झालं? मला त्याचं उत्तर कवितेच्या इतिहासात मिळालं नाही. प्रीमो लेवी हा तूरिनचा रसायनशास्त्रज्ञ. १९४४ साली तो ऑश्विट्झमध्ये होता. त्याच्या १९४७च्या आठवणींत एक प्रकरण आहे. एका तरुण सहकैद्याबरोबर तो सुपाचं पातेलं आणायला निघाला आहे. सहकैदी अल्सेसचा, फ्रेंच आणि जर्मन बोलणारा. त्याला इटालियन शिकायचं आहे. तासाभराची वाट. लेवीला 'कोम्मेदिया'तला युलिसिसचा सर्ग आठवतो, शाळेत पाठ केलेला. तो म्हणतो, मोडक्या फ्रेंचमध्ये समजावतो, मध्येच ओळी निसटतात. एका निसटलेल्या ओळीसाठी आजचं सूप द्यायला तयार आहे, असं त्याला वाटतं. छावणीत सूप म्हणजे आणखी एक दिवस.

मी हे प्रकरण वाचतो तेव्हा मला दान्तेच्या थोरवीपेक्षा दुसरंच काही जाणवतं. लेवीच्या तेव्हाच्या इटलीने वांशिक कायदे करून त्याला परका ठरवलं होतं. त्याचा देश त्याच्याकडून काढून घेतला गेला होता. हद्दपार माणसाने, देश नसताना तयार केलेली भाषा मात्र काढून घेता आली नाही. मुसोलिनीचं सरकार शाळाशाळांतून त्याच दान्तेचा जयजयकार करत होतं. आणि तो सर्ग नेमका उपयोगी पडला तो त्या सरकारने परका ठरवलेल्या एका ज्यूला.

एशियाटिकची ती प्रत आज मुंबईतच आहे. ती इटलीला परत जायला हवी होती का, यावर वाद घालता येईल. मला स्वतःला ती इथे, अरबी समुद्राच्या काठी, परमुलखात असावी हे बरं वाटतं. ते पुस्तक लिहिणाराही शेवटची एकोणीस वर्षं परमुलखातच होता.